पहिली तापवणी

गोळी नखाएवढी, काळपट तपकिरी.
पाच टनांखाली दाबलेली,
बाराशे अंशांवर दहा तास भाजलेली.
निकेल, लोखंड, ऑक्सिजन.
लोखंडाच्या ऑक्साइडची बाटली पार्सलने आली,
लेबलवर शुद्धता नव्याण्णव पूर्णांक नऊ.
शंभर ग्रॅमला मोजले तेवढ्या पैशांत
आमच्या रिवणला आठवड्याचं वाणसामान येतं.
आणि रिवणला तर तांबडी पूड
फणसाच्या पानांवर फुकट बसायची,
खाणी चालू होत्या तेव्हा.
बाबांच्या ट्रकच्या बोनेटवर
मी तीत बोटाने नाव लिहायची.

दोन्ही अंगांना चांदीचा पातळ लेप.
मध्ये ही भाजल्या मातीच्या गोतातली,
कौलांची, बरण्यांची,
विजेच्या खांबावरच्या पांढऱ्या टोप्यांची लांबची बहीण.
हिच्यातून वीज जात नाही म्हणतात.
जाते.
लोखंडाच्या एका अणूवरून शेजारच्या अणूवर
उड्या मारत जाते,
खाजनाच्या बांधावरून चिखल चुकवत जावं तशी.
कणाच्या आत भराभर,
कणाच्या सीमेशी आली की खोळंबा.
रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट पलीकडे असली
की स्कूटरी साठत जातात, तसा.
दिशा सावकाश बदलली तर गर्दी होते.
झटझट बदलली तर धक्क्यापर्यंत कुणी पोचतच नाही,
अर्ध्या वाटेवरूनच माघारी.
मला हे समजायला दोन वर्षं लागली.
फेरीत रोज उभी होते तरी.

ताळगावच्या पठारावर रात्रीचे दोन.
खिडकीखाली जुवारीचं मुख, दिव्यांची एक बार्ज.
दर दहा अंशांनी एक नोंद:
चाळीस, पन्नास, साठ.
संवाहकता चढत गेली.
ऐंशीला माथा.
मग उतार, एकशे वीसला तळ, मग पुन्हा चढण.

असा माथा कुणाच्याच निबंधात नव्हता.
मी तीनदा पाहिला.
वहीच्या मागच्या पानावर समीकरण मांडलं,
शीर्षकसुद्धा लिहिलं,
त्यात ‘अपूर्व’ हा शब्द होता.

सकाळी कुस्तोदियो आला, लॅबची चावी हलवत.
एकोणतीस वर्षं भट्ट्या लावतो,
आलेख वाचत नाही, आलेखाकडे बघतो.
डब्यातली मिठाची बाटली काढून
माझ्यासमोर उलटी धरली.
आत तांदळाचे दाणे. मीठ तरी पडेना.
‘बाय, तातूंत उदक आसा. परत तापय.’

तेव्हा डेसिकेटरकडे लक्ष गेलं.
निळे खडे कधीच गुलाबी झाले होते.

झाकण न उघडता थंड केली,
न उघडताच पुन्हा तापवली.
चाळीस, पन्नास, साठ, ऐंशी, शंभर.
सरळ रेघ.
माथा नाही.
तो दोना पावलाचा वारा होता,
छिद्राछिद्रांतून बसलेला.

क्षेत्र काढून घेतलं
तरी द्विध्रुव लगेच मोकळे होत नाहीत.
ज्याला त्याला आपला वेळ.
त्याला शिथिलन-काळ म्हणतात,
पुस्तकात तो सेकंदांत देतात.
बाबा अजून चारला उठतात,
पहिल्या खेपेच्या वेळेला.
ट्रकची चाकं विकून झाली.
अंगणात थोडा वेळ उभे राहतात,
मग चहा ठेवतात, दोघांचा.
एक क्लीनरचा.

प्रबंधात तळटीप आहे, पान एक्क्याण्णव:
पहिल्या तापवणीची मोजमापं आर्द्रतेमुळे वगळली.
सरांनी बरोबरची खूण केली.

काम संपल्यावर, कुणी सांगितलं नसताना,
मी ती गोळी खिडकीच्या कठड्यावर ठेवली,
बशीत, उघडी.
कावळ्याने उचलू नये म्हणून
कुस्तोदियोने वर चहाची गाळणी पालथी घातली.
आठव्या दिवशी आत घेतली, तापवली.
साठ. सत्तर.
ऐंशीला माथा.

कुस्तोदियोने पाहिलं,
बाटली खिशात घातली
आणि जेवायला गेला.